वाचकांचे प्रश्न : लाकडी गोळ्या युद्धात खरोखर झाडल्या गेल्या का?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे आणि खानापूर, निपाणी, चिक्कोडीपर्यंतच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले पलटणीत गेली आहेत. त्यामुळे शस्त्रास्त्रांविषयीचे प्रश्न या सदराकडे नेहमी येतात, आणि त्यांपैकी बरेचसे घरात ऐकलेल्या आठवणींतून आलेले असतात. लाकडी गोळ्यांविषयीची चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझे पणजोबा मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. जर्मनांनी सोडून दिलेल्या खंदकात लाल रंगाच्या लाकडी गोळ्यांची काडतुसे सापडली होती, असे ते सांगत. शत्रूकडचे शिसे संपल्यामुळे तो लाकडी गोळ्या झाडत होता आणि त्या लाल रंगात विष होते, असे आमच्या घरात सगळे मानतात. गावातले एक निवृत्त हवालदार मात्र म्हणतात, की लाकडाची गोळी असूच शकत नाही. खरे कोणते? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : आपल्या पणजोबांनी जे पाहिले ते खरे मानण्यास काहीही अडचण नाही. इटलीच्या मोहिमेत भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन लढल्या. मराठा पलटणींनी तिथे मोठा पराक्रम गाजवला. १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच मोहिमेत. लाकडी गोळी बसवलेले काडतूस जर्मन सैन्याकडे होते आणि त्या लाकडाला पुष्कळदा लाल किंवा जांभळा रंग दिलेला असे. तेव्हा तशी काडतुसे एखाद्या खंदकात आपल्या पणजोबांच्या हाती लागली असतील, तर त्यात नवल नाही. काडतुसाच्या हेतूविषयी मात्र त्या काळी सैनिकांत जे बोलले गेले, आणि पुढे घरोघरी जे सांगितले गेले, ते बरोबर नाही.

हे काडतूस सरावाचे होते. नव्या जवानाला युद्धाचा आवाज, धूर आणि घाई यांची सवय व्हावी, पण समोरचा सोबती मरू नये, यासाठी सर्वच सैन्यांत बिनगोळीची काडतुसे, म्हणजे ज्यांना आपल्याकडचे जवान ‘ब्लँक’ म्हणतात ती, वापरली जातात. प्रश्न आला तो मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, असलेल्या रायफली आणि मशीनगन रूढ झाल्यावर. मॅगझिनमधले काडतूस पुढे सरकून नळीच्या मागच्या तोंडात नीट शिरायचे, तर त्याला पुढे निमुळते टोक लागते. नुसती आखूड पितळी पुंगळी वाटेत तिरकी होऊन अडकते. म्हणून खऱ्या काडतुसाची लांबी आणि आकार तसाच राहील, पण टोकाशी जीवघेणा धातू नसेल, अशी रचना हवी होती. अमेरिकेने १९०६ च्या नमुन्यात कागदाची गोळी बसवली. जपानने कागद आणि लाकूड दोन्ही वापरले. जर्मनी आणि स्वीडनसह युरोपातील कित्येक देशांनी लाकूड पसंत केले, आणि स्वीडनमध्ये तर महायुद्धानंतरही पुष्कळ वर्षे सरावाच्या मैदानावर लाकडी गोळीचीच काडतुसे चालली.

ही गोळी बहुधा आतून पोकळ असे. दारू पेटल्यावर मागून येणारा वायूचा दाब आणि नळीतल्या वळणदार खाचांमुळे मिळणारी गरगर, या दोन्हींनी ती पोकळ लाकडी गोळी नळीत किंवा नळीबाहेर पडताच फुटावी आणि तिचा भुसा व्हावा, अशी अपेक्षा होती. मशीनगनच्या बाबतीत एवढ्याने भागत नसे. मशीनगन आपली पुढची फेरी आपोआप भरते ती आधीच्या गोळीने निर्माण केलेल्या दाबाच्या किंवा धक्क्याच्या जोरावर, आणि लाकडासारख्या हलक्या गोळीने तो जोर पुरेसा मिळत नाही. म्हणून जर्मनांच्या एमजी ३४ आणि एमजी ४२ या मशीनगनच्या नळीच्या तोंडाशी सरावाच्या वेळी एक जोडयंत्र बसवत, जे लाकडी गोळीचे तुकडे करी आणि त्याच वेळी वायूला तोंडाशी काहीसे अडवून यंत्रणेला मागे रेटण्याइतका जोर मिळवून देई. स्वीडनमध्ये काही माउझर रायफलींच्या नळीच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असत, ते असेच गोळी चिरडणारे यंत्र बसवण्यासाठी.

आता शिसे संपल्याच्या कथेकडे येऊ, कारण ती तपासून पाहिली की आपोआप गळून पडते. जर्मनीला शिसे आणि तांबे यांची टंचाई होती हे खरेच. पण त्यावर जर्मन कारखान्यांनी काढलेले उपाय आज संग्रहालयांत हाताने उचलून पाहता येतात. गोळीच्या आतले शिसे कमी करून तिथे मऊ लोखंडाचा गाभा घातला गेला, आणि पितळी पुंगळीऐवजी लाखेचा लेप दिलेली पोलादी पुंगळी वापरली गेली. म्हणजे टंचाईत धातूच्या जागी दुसरा धातूच आला. शिवाय एका काडतुसाला दारू लागते, पेटवणारी टोपी लागते, पुंगळी लागते. हे सगळे खर्च करून शेवटी त्याच्या टोकाला काही अंतरापलीकडे निरुपयोगी ठरणारी गोळी बसवायची, हे टंचाईत सापडलेले कोणतेही सैन्य करणार नाही.

ती निरुपयोगी का, याचा हिशेब साधा आहे. आपल्या पणजोबांच्या हातातल्या ३०३ रायफलीची मार्क ७ गोळी सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची होती आणि नळीतून सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने बाहेर पडे. शिशाची घनता पाण्याच्या ११ पटींहून अधिक, तर हलक्या लाकडाची पाण्याहूनही कमी. त्यामुळे त्याच आकाराची लाकडी गोळी एक ग्रॅमही भरत नाही, आणि ती पोकळ केली तर आणखीच हलकी होते. हवेचा विरोध गोळीच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असतो. तो विरोध दोन्ही गोळ्यांना सारखाच होत असला, तरी पंधरावीस पट हलक्या गोळीचा वेग त्या विरोधाने तितक्याच पट झपाट्याने घटतो. शेपाचशे मीटरवरच्या शत्रूचे सोडाच, एका मोठ्या शेताच्या दुसऱ्या बांधावर उभ्या असलेल्या माणसालाही अशा गोळीने नेम धरून मारता येणार नाही.

मग सरावाची ही काडतुसे आघाडीवर पोहोचली कशी? नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जून १९४४ मध्ये उतरलेल्या दोस्त सैनिकांनाही ती सापडली होती आणि तिथेही याच अफवा उठल्या. फ्रान्समध्ये आणि इटलीत ठाण मांडून बसलेल्या जर्मन तुकड्या तिथेच आपल्या जवानांना शिकवत होत्या; त्यामुळे लढाऊ दारूगोळ्याच्या शेजारी सरावाचा दारूगोळाही साठवलेला होता. हल्ला आल्यावर जे पेटारे हाताशी होते ते उघडले गेले, आणि माघार घेताना जे नेता आले नाही ते मागे राहिले. याखेरीज, रायफलीच्या तोंडाशी बसवलेला हातबाँब दूर फेकण्यासाठीही बिनगोळीची काडतुसे लागतात आणि काही सैन्यांत त्यासाठीच्या काडतुसांनाही लाकडी टोक असे. अशा काडतुसांचे आघाडीवर असणे तर अगदी रास्त होते.

लाल रंगाचा उलगडा सर्वांत सोपा आहे. घाईत, अंधारात किंवा थकलेल्या हातांनी मॅगझिन भरताना सरावाचे काडतूस आणि खरे काडतूस यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून तो रंग दिला जाई. जी खूण सोबत्याचा जीव वाचावा म्हणून केली, तीच शत्रूच्या नजरेला विष वाटली. आणि ज्या जवानाच्या शेजारचा सोबती नुकताच पडला आहे, त्याला तसे वाटले, यासाठी त्याला कोणी हसू नये. आपल्या गावच्या हवालदारांना एवढेच सांगावे, की लाकडी गोळी होती. तिचे काम वेगळे होते.

प्रश्न : लाकडी गोळी एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम शत्रूला सडवून मारण्यासाठी वापरत आणि जिनिव्हा कराराने तिच्यावर बंदी आहे, असे आमच्या वर्गात एकाने ठामपणे सांगितले. हे कितपत खरे आहे? (परिचारिका अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : आपल्या वर्गमित्राच्या विधानात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत आणि त्या सोडवून पाहणे आपल्या व्यवसायाच्या दृष्टीनेही उपयोगी आहे.

लाकूड साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, हे खरे. धातू क्ष-किरणांना अडवतो म्हणून फिल्मवर ठळक उमटतो. लाकडाची घनता मांसपेशींच्या घनतेहून फारशी वेगळी नसल्याने ते त्यांत मिसळून जाते. आपल्या शिवारात बाभळीचा काटा पायात मोडून बसतो, एक्स-रे ‘स्वच्छ’ येतो आणि पाय तरीही आठवडाभर सुजलेला राहतो, तसेच हे आहे. अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडते आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन किंवा एमआरआय केले जाते. लाकूड सच्छिद्र आणि सेंद्रिय असल्यामुळे त्याच्यासोबत जंतू खोलवर जातात, जखम चिघळते आणि धनुर्वाताचा धोका राहतो, हेही खरे. युद्धकाळातल्या शल्यचिकित्सकांना लाकडी कुसळे काढण्याचा त्रास झाला असेलच. पण रणांगणावरच्या जखमांत शिरणारे लाकूड हे बहुतेक वेळा तोफगोळ्याने फोडलेल्या झाडांचे, दारांचे आणि खोक्यांचे असते.

कायद्याविषयी बोलायचे, तर १९०७ च्या हेग नियमांनी विनाकारण यातना देण्यासाठी बनवलेली शस्त्रे आधीच निषिद्ध ठरवली होती. एक्स-रेचा स्पष्ट उल्लेख येतो तो फार नंतर. १० ऑक्टोबर १९८० रोजी काही पारंपरिक शस्त्रांविषयीचा जो करार जिनिव्हा येथे स्वीकारला गेला आणि जो डिसेंबर १९८३ पासून अमलात आला, त्याच्या पहिल्या उपकरारानुसार (प्रोटोकॉल), मानवी शरीरात एक्स-रेने सापडू न शकणाऱ्या तुकड्यांनी इजा करणे हाच ज्याचा मुख्य परिणाम आहे, असे शस्त्र वापरण्यास बंदी आहे. भारताने हा करार १९८४ मध्ये मान्य केला. या कलमातील ‘मुख्य परिणाम’ हे शब्द फार विचारपूर्वक निवडलेले आहेत. एखाद्या शस्त्राचा दस्ता लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा आहे म्हणून ते बेकायदा ठरत नाही. आणि सरावासाठी, आवाज काढण्यासाठी बनवलेले काडतूसही या व्याख्येत बसत नाही. त्याच लाकडी गोळ्या जाणूनबुजून माणसांवर झाडण्यासाठी कोणी बनवू लागला, तर मात्र या कलमाचा आणि त्याआधीच्या हेग नियमांचाही भंग होईल.

सडवून मारण्याच्या हेतूविषयी : जी गोळी शंभर मीटरवरही नेमाने पोहोचत नाही, ती त्या हेतूसाठी निवडली जाणे असंभवनीय आहे.

दंगलीत पोलिसांनी झाडलेल्या लाकडी गोळ्यांविषयी आपण पत्राच्या शेवटी थोडक्यात विचारले आहे. तो प्रकार निराळा. हाँगकाँगच्या पोलिसांनी गेल्या शतकात जाड लाकडी दांडके रुंद नळीच्या बंदुकीतून जमिनीवर आपटवून गर्दीच्या पायांकडे झाडले; ती फुटून ढलप्या उडत. त्यावरून पुढे ब्रिटिशांनी १९७० मध्ये उत्तर आयर्लंडसाठी रबरी गोळी काढली आणि काही वर्षांत प्लॅस्टिकची. रायफलीच्या काडतुसाशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : मी बावीस वर्षे पायदळात नोकरी केली. आमच्या ब्लँक काडतुसाला पुढे टोक नसायचे, पितळच चिमटलेले असायचे. मग आपल्या सैन्यात लाकूड कधी आलेच नाही, असे म्हणावे का? (एक माजी सैनिक, कॅम्प, बेळगाव)

उत्तर : आपण वापरलेले ते चुण्या पाडून मिटवलेले काडतूस हाच आता जगभराचा रिवाज झाला आहे. पुंगळीच थोडी लांब ठेवून तिचे तोंड फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे मिटवले, की निमुळते टोकही मिळते आणि बाहेर फेकले जाण्यासारखे काही उरत नाही. लाकडी गोळी मागे पडली ती यामुळे. नळीच्या तोंडाशी बसणारे ब्लँक फायरिंगचे जोडयंत्र मात्र अजून लागतेच, आणि ते बसवलेल्या हत्यारात चुकून खरी गोळी गेली तर काय होते, हे आपल्याला चांदमारीवर बजावून सांगितले गेले असेल.

तरीही ‘कधी आलेच नाही’ असे म्हणता येणार नाही. ३०३ रायफलीच्या काळात कवायतीसाठी, म्हणजे भरणे आणि रिकामे करणे शिकवण्यासाठी, जी ड्रिल काडतुसे दिली जात, त्यांत दारू नसे, पण गोळीच्या जागी लाल रंगाचा लाकडी तुकडा बसवलेला असे. ते कधीच झाडले जात नसे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी ज्या मार्क ७ गोळीने दोन्ही महायुद्धे लढली, तिच्या पोटातच अनेकदा लाकडाचा अंश होता. १९१० मध्ये स्वीकारलेल्या या गोळीचा बाहेरचा धातूचा वेष्टनभाग अखंड होता, मागचा भाग शिशाचा होता, पण पुढचा सुमारे तिसरा हिस्सा हलक्या पदार्थाने भरलेला असे. मूळ रचनेत तिथे ॲल्युमिनियम होते. युद्धकाळात ॲल्युमिनियम विमानांसाठी हवे असल्यामुळे त्याच्या जागी लाकडाचा लगदा किंवा दाबलेला कागद भरला गेला, आणि जखम दूषित होऊ नये म्हणून तो आधी निर्जंतुक केला जाई. पुढचा भाग हलका आणि मागचा जड असल्यामुळे गोळी हवेत गरगरत सरळ जाई, पण शरीरात शिरताच तिचा तोल जाऊन ती आडवी फिरे आणि जखम मोठी होई.

याची पार्श्वभूमीही आपल्याच देशातली आहे. कोलकात्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात टोक उघडे ठेवलेली, शरीरात फुलणारी गोळी बनवली गेली आणि तिच्यावर जगभर टीका झाली. १८९९ च्या हेग घोषणेने अशा फुलणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरवल्या. मार्क ७ गोळी फुलत नव्हती, तिचे वेष्टन उघडे नव्हते, त्यामुळे घोषणेच्या अक्षरांत ती बसत होती. परिणामाचा विचार केला तर मात्र ती सौम्य मुळीच नव्हती, हे स्पष्ट म्हणावे लागेल. जर्मनांच्या लाल लाकडी टोकाकडे आपल्या जवानांनी संशयाने पाहिले, तेव्हा खरे मारक लाकूड त्यांच्याच मॅगझिनमध्ये तांब्या-निकेलच्या वेष्टनाखाली झाकलेले होते, आणि ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुण्याजवळच्या खडकी येथे १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. तिथल्या ३०३ काडतुसांच्या बुडावर केएफ ही अक्षरे असत.

प्रश्न : जुन्या घराची डागडुजी करताना माळ्यावरच्या ट्रंकेत लाकडी टोकाची दोन काडतुसे सापडली. खोटीच आहेत, म्हणून मुलांना खेळायला दिली तर चालेल का? गावच्या ऐतिहासिक नाटकासाठीही ती कोणी मागितली आहेत. (एक वाचक, बेळगाव तालुका)

उत्तर : कृपा करून ती मुलांच्या हातात किंवा नाटकाला मुळीच देऊ नयेत. लाकडी टोक आहे म्हणून काडतूस निर्धोक आहे, हा या विषयातला सर्वांत घातक समज आहे. आपल्याकडचे काडतूस कवायतीचे, बिनदारूचे असू शकते. पण ते सरावाचे असेल, तर त्यात दारू आणि पेटवणारी टोपी दोन्ही असणार, आणि ती ऐंशी वर्षांनंतरही पेटू शकते. ते बुडाशी ठोकले, चुलीजवळ ठेवले किंवा पकडीने उघडण्याचा प्रयत्न केला, तर पितळी पुंगळी फुटून डोळ्यांना किंवा बोटांना गंभीर इजा होऊ शकते.

बंदुकीतून झाडल्यावर तर धोका आणखी वाढतो. गोळी फुटेल असे गृहीत धरलेले असले, तरी नळीपासून थोड्याच अंतरावर तिचे तुकडे आणि तापलेला वायू मिळून माणसाचा जीव घेऊ शकतात; म्हणूनच सरावात माणसाच्या दिशेने नेम धरण्याविषयी सर्व सैन्यांचे कडक नियम असतात. टोकाशी काहीच नसलेले काडतूसही प्राणघातक ठरते. १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन-एरिक हेक्सम या अभिनेत्याचा चित्रीकरणाच्या ठिकाणी असलेल्या रिव्हॉल्व्हरमधील बिनगोळीच्या काडतुसाने मृत्यू झाला, कारण त्याने ते डोक्याजवळ धरून झाडले होते.

कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा जवळ बाळगता येत नाही, आणि आपल्याकडचे काडतूस त्या व्याख्येत बसते की नाही, हे घरी बसून ठरवणे योग्य नाही. ती काडतुसे जिथे आहेत तिथेच, उष्णतेपासून आणि मुलांपासून दूर ठेवावीत, त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. स्वतः खिशात घालून बसने ठाण्यात नेऊ नयेत. वारशाने सापडलेली वस्तू आपण होऊन दाखवत आहोत, हे लेखी अर्जात स्पष्ट लिहावे, अर्जाची पोच घ्यावी, आणि ट्रंक कोणाची होती व ती व्यक्ती कोणत्या पलटणीत होती हेही त्यात नमूद करावे. घरात जुने डिस्चार्ज बुक किंवा पदके असतील तर ती अवश्य जपावीत. त्यांवर कोणतीही बंदी नाही. नाटकासाठी आवाज हवा असेल, तर तो ध्वनिफितीवरून द्यावा.